आरोग्याचे दालन सर्वांसाठी खुले करणारे कार्ल ऑगस्ट लिंगनर

जर्मनीच्या पूर्व भागात एल्ब नदीच्या काठी ड्रेस्डेन हे इतिहासप्रसिद्ध शहर वसले आहे. या शहरातील एका चौकाला लिंगनर यांचे नाव दिलेले असून त्या चौकात एक भव्य संग्रहालय उभे आहे. तेथे राजांचे मुकुट नाहीत आणि युद्धातील शस्त्रेही नाहीत. त्या संग्रहालयाचा विषय आहे माणूस: त्याचे शरीर, त्याचे आरोग्य, त्याचे जन्मणे आणि मरणे. त्याच वास्तूत लहान मुलांसाठी एक स्वतंत्र विभाग आहे. डोळा कसा पाहतो, कान कसा ऐकतो, त्वचेला स्पर्श कसा कळतो, हे मुले तेथे स्वतःच्या हातांनी करून पाहतात. ज्या गृहस्थांच्या कल्पनेतून हे सारे साकार झाले, ते डॉक्टर नव्हते, प्राध्यापक नव्हते आणि त्यांच्याजवळ विद्यापीठाची पदवीही नव्हती. ते एक व्यापारी होते. त्यांचे नाव कार्ल ऑगस्ट लिंगनर.

त्यांच्या जीवनाचा परिचय करून घेणे आपल्यासाठी दोन कारणांनी उपयुक्त आहे. मिळवलेल्या संपत्तीचा विनियोग समाजासाठी कसा करता येतो, याचा तो एक नमुना आहे. त्याचबरोबर, चांगल्या हेतूने उभारलेल्या संस्थेवर सतत जागता पहारा नसेल तर तिचे काय होऊ शकते, याचा इशाराही त्यांच्या संस्थेच्या इतिहासातून मिळतो.

उमेदवारीचे दिवस

लिंगनर यांचा जन्म २१ डिसेंबर १८६१ रोजी मागडेबुर्ग येथे झाला. तरुणपणी त्यांनी गार्डेलेगेन या छोट्या गावी दुकानात उमेदवारी केली आणि व्यापाराचे प्राथमिक धडे घेतले. परंतु त्यांचे मन वजन-मापात आणि खतावणीत रमत नव्हते. त्यांना संगीताची विलक्षण ओढ होती. संगीताचे शिक्षण घ्यावे या आकांक्षेने १८८३ साली त्यांनी पॅरिस गाठले. तेथे त्यांच्या पदरी निराशाच आली. सुमारे दोन वर्षे हलाखीत काढल्यावर रिकाम्या हातांनी ते जर्मनीला परतले आणि ड्रेस्डेन येथे शिवणयंत्रे तयार करणाऱ्या एका कारखान्यात नोकरीस लागले. पत्रव्यवहार सांभाळणे आणि मालाची जाहिरात करणे, असे त्यांच्या कामाचे स्वरूप होते.

ही नोकरी त्यांच्या दृष्टीने शाळाच ठरली. लोक एखादी वस्तू का विकत घेतात, कोणते चित्र त्यांच्या लक्षात राहते, याचे बारकाईने निरीक्षण करण्याची सवय त्यांना येथेच लागली. पुढे १८८८ साली एका भागीदाराच्या मदतीने त्यांनी स्वतःचा व्यवसाय सुरू केला. घरगुती वापराच्या छोट्या-मोठ्या वस्तू तयार करून विकणारा तो एक साधा कारखाना होता. त्यातून फार मोठी प्राप्ती झाली नाही. मात्र धंद्याचा अनुभव गाठीशी आला.

एका बाटलीचे नशीब

तो काळ वैद्यकशास्त्रातील मोठ्या क्रांतीचा होता. फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी रोगजंतूंचे अदृश्य विश्व उजेडात आणले होते. १८८२ साली कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधून काढला. त्यानंतर पटकीच्या जंतूचाही त्यांनी माग काढला. तरीही १८९२ साली हॅम्बुर्ग शहरात पटकीची भयंकर साथ आली आणि काही आठवड्यांत आठ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. शास्त्रज्ञांना जे ठाऊक झाले होते, ते सामान्य माणसाच्या घरापर्यंत पोहोचले नव्हते. प्रयोगशाळा आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये फार मोठी दरी होती.

त्याच वर्षी लिंगनर यांनी ड्रेस्डेन येथे आपली रासायनिक प्रयोगशाळा स्थापन केली. रिखार्ड झायफर्ट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने चुळा भरण्याचे एक जंतुनाशक औषध तयार केले होते. लिंगनर यांनी ते बाजारात आणले आणि त्याला ओडोल असे नाव दिले. दात या अर्थाचा ग्रीक शब्द आणि तेल या अर्थाचा लॅटिन शब्द यांच्या संयोगातून हे नाव तयार झाले होते. बाटलीची मान एका बाजूला वाकवलेली होती, त्यामुळे ती दुरूनही ओळखू येत असे. वृत्तपत्रे, भिंतीपत्रके, दुकानांच्या काचा, जिकडे तिकडे ओडोलची जाहिरात झळकू लागली. थोड्याच वर्षांत ही बाटली जर्मनीच्या सीमा ओलांडून अनेक देशांत पोहोचली आणि पॅरिसहून रिकाम्या हातांनी परतलेला तरुण कोट्यधीश झाला. लोक त्यांना ओडोलचा राजा म्हणू लागले.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. जंतूंविषयी लोकांच्या मनात बसलेली भीती ही लिंगनर यांच्या व्यापाराच्या पथ्यावर पडली होती. जो माणूस स्वच्छतेचा प्रचार करीत होता, तोच स्वच्छतेचे साधन विकत होता. त्यांच्या दानधर्मात व्यापारी हिशेब नव्हताच असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु त्यांनी केलेल्या कार्याची यादी पाहिली, तर त्यातील बरेचसे काम असे होते की, ज्यातून एकही बाटली अधिक विकली जाणार नव्हती.

अर्भकांसाठी रुग्णालय

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत जन्मणाऱ्या दर पाच बालकांपैकी जवळपास एक बालक पहिला वाढदिवस पाहण्यापूर्वीच दगावत असे. कारखान्यांत काम करणाऱ्या माता तान्ह्या मुलांना बाटलीने दूध पाजत. ते दूध बऱ्याचदा अशुद्ध असे आणि उन्हाळ्यात तर त्यातून अतिसाराची लागण होऊन मुले पटापट मरत. नेहमीच्या रुग्णालयांत एवढ्या लहान बालकांना दाखल करून घेण्यास डॉक्टर नाखूष असत, कारण तेथे ती वाचण्याची शक्यता फारच कमी होती.

आर्थर श्लोसमान नावाच्या तरुण बालरोगतज्ज्ञाला ही परिस्थिती अस्वस्थ करीत होती. लिंगनर यांनी त्यांना आर्थिक पाठबळ दिले आणि १८९८ साली ड्रेस्डेनमध्ये केवळ अर्भकांसाठी एक रुग्णालय सुरू झाले. आजारी अर्भकांवर उपचार करणारे हे जगातील पहिले रुग्णालय मानले जाते. बाळांना आईचे किंवा दाईचे दूध मिळावे, अंथरूण-पांघरूण व भांडी निर्जंतुक असावीत, परिचारिकांना या कामाचे खास शिक्षण मिळावे, यावर तेथे भर होता. आज आपल्याला या गोष्टी अगदी साध्या वाटतात. त्या काळी मात्र त्या नव्या होत्या आणि त्यांच्यामुळे बालकांचे प्राण वाचत होते.

यानंतर लिंगनर थांबले नाहीत. १९०० साली त्यांनी दातांच्या आरोग्यासाठी एक केंद्र उघडले. १९०१ साली निर्जंतुकीकरणाचे सार्वजनिक केंद्र सुरू झाले. ज्या घरात सांसर्गिक रोग शिरला असेल, ते घर आणि तेथील सामान शास्त्रशुद्ध पद्धतीने निर्जंतुक करण्याची सोय त्यामुळे झाली. नागरिकांसाठी त्यांनी सार्वजनिक वाचनगृहाला साहाय्य केले. १९११ साली रोगप्रतिबंधक रक्तद्रव व लसी तयार करणारा कारखाना त्यांच्या पुढाकाराने उभा राहिला. लस-निर्मितीची ती परंपरा ड्रेस्डेनमध्ये एकविसाव्या शतकापर्यंत चालत आली आहे.

पाहून शिकण्याची शाळा

रुग्णालये उभारताना लिंगनर यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. रुग्णालयात माणूस येतो तो आजारी पडल्यानंतर. त्याने आजारीच पडू नये असे वाटत असेल, तर त्याला त्याआधी गाठले पाहिजे. त्यासाठी पुस्तके होती, व्याख्याने होती, सरकारी फतवेही होते. परंतु दिवसभर राबून थकलेला कामगार जाडजूड ग्रंथ वाचणार नव्हता आणि हुकूम ऐकून कोणाच्याही सवयी बदलणार नव्हत्या. जाहिरातीच्या व्यवसायाने लिंगनर यांना शिकवले होते की, माणसाला आधी कुतूहल वाटले पाहिजे. मग तो आपणहून पुढे येतो, पाहतो आणि पाहिलेले विसरत नाही.

१९०३ साली ड्रेस्डेन येथे जर्मन शहरांचे एक मोठे प्रदर्शन भरले होते. त्यात लिंगनर यांनी लोकांमध्ये पसरणारे रोग आणि त्यांचा प्रतिकार या विषयावर एक खास दालन मांडले. तेथे सूक्ष्मदर्शक यंत्रे ठेवलेली होती. ज्या जंतूंची नावे लोकांनी केवळ ऐकली होती, ते जंतू सामान्य माणसे स्वतःच्या डोळ्यांनी पाहू लागली. शरीराच्या अवयवांच्या मेणाच्या प्रतिकृती, आकडे समजावून सांगणारी चित्रे, सोपी भाषा यांमुळे त्या दालनासमोर लोकांची रीघ लागली. त्या यशाने लिंगनर यांचा विश्वास दृढ झाला. याहून कितीतरी मोठे काम करता येईल, असे त्यांना वाटू लागले.

१९११ चे जागतिक प्रदर्शन

त्या स्वप्नाची पूर्ती व्हायला आठ वर्षे लागली. ६ मे १९११ रोजी ड्रेस्डेन येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य प्रदर्शनाचे उद्घाटन झाले. जगातील अनेक राष्ट्रांनी त्यात भाग घेतला. घरबांधणी, पाणीपुरवठा, अन्न, वस्त्र, कामगारांचे आरोग्य, बालसंगोपन, साथीचे रोग असे नाना विषय तेथे मांडलेले होते. प्रसिद्ध चित्रकार फ्रान्झ फॉन श्टूक यांनी प्रदर्शनाचे भिंतीपत्रक रंगवले होते. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर एक विशाल उघडा डोळा, असे ते चित्र होते. ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस प्रदर्शनाची सांगता झाली, तेव्हा पन्नास लाखांहून अधिक लोकांनी त्याला भेट दिली होती. त्या वेळी ड्रेस्डेनची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे महत्त्व कळते.

या प्रदर्शनातील सर्वांत लोकप्रिय दालन लिंगनर यांच्या खास आवडीचे होते. त्याचे नावच माणूस असे होते. तेथे शास्त्रज्ञांसाठी काही नव्हते. सर्व काही सामान्य लोकांसाठी होते. लायप्झिगचे शरीररचनाशास्त्रज्ञ वेर्नर श्पाल्टेहोल्त्स यांनी मानवी अवयव पारदर्शक करण्याची एक पद्धत शोधली होती. आतल्या रक्तवाहिन्यांचे जाळे स्पष्ट दिसणारे असे अवयव तेथे प्रकाशात मांडलेले होते. काही प्रतिकृती प्रेक्षकांना स्वतः हलवून पाहता येत असत. आपले हृदय कसे चालते, आपले फुप्फुस कसे फुगते, हे शेतकरी, मोलकरणी, शाळकरी मुले रांगेत उभी राहून पाहत होती. देवाने आपल्याला दिलेले हे शरीर एवढे अद्भुत आहे, याची जाणीव त्यांपैकी अनेकांना प्रथमच झाली असेल.

प्रदर्शनातून सुमारे दहा लाख मार्कांची शिल्लक उरली. लिंगनर यांनी ती रक्कम वाटून टाकू दिली नाही. सहा महिन्यांत उठणारी जत्रा हा त्यांचा हेतू नव्हता; त्यांना कायमची शाळा हवी होती. १९१२ साली त्यांनी राष्ट्रीय आरोग्य संग्रहालयाची योजना एका निवेदनाच्या रूपाने मांडली. कोणत्याही शिक्षणाच्या, कोणत्याही वर्गाच्या माणसाला आपल्या शरीराची ओळख करून घेता यावी आणि त्या ज्ञानाच्या आधारे त्याने शहाणपणाने जगावे, असा त्या योजनेचा गाभा होता. जर्मन आरोग्य संग्रहालयाची सुरुवात ही अशी झाली.

अपुरे राहिलेले स्वप्न

लिंगनर यांच्या खासगी जीवनात संगीत कायम राहिले. पॅरिसमध्ये हुकलेली इच्छा त्यांनी आपल्या घरी ऑर्गन बसवून पूर्ण केली आणि तो ते स्वतः वाजवीत असत. एल्ब नदीच्या उतारावर एक प्रशस्त वाडा त्यांनी १९०६ साली विकत घेतला. त्याआधी, १९०० साली, स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागातील तारास्प हा मध्ययुगीन किल्ला त्यांनी खरेदी केला होता. मोडकळीस आलेल्या त्या किल्ल्याच्या दुरुस्तीवर त्यांनी अनेक वर्षे पैसा खर्च केला. तेथेही त्यांनी एक मोठा ऑर्गन बसवून घेतला. परंतु त्या किल्ल्यात राहण्याचे सुख त्यांच्या नशिबी नव्हते.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि संग्रहालयाच्या इमारतीचे काम पुढे ढकलले गेले. त्यातच लिंगनर यांना जिभेच्या कर्करोगाने ग्रासले. ज्या माणसाने लक्षावधी लोकांच्या मुखस्वच्छतेसाठी औषध पुरवले, त्याच्याच मुखात हा असाध्य रोग उद्भवावा, ही दैवाची विचित्र गती म्हटली पाहिजे. शस्त्रक्रियेचा उपयोग झाला नाही. ५ जून १९१६ रोजी बर्लिन येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे चोपन्न वर्षांचे होते. आपल्या संग्रहालयाची भिंत उभी राहिलेली त्यांनी पाहिली नाही.

त्यांचे मृत्युपत्र मात्र त्यांच्या स्वभावाला साजेसे होते. एल्ब नदीकाठचा वाडा त्यांनी ड्रेस्डेन शहराला दिला. तो लोकांसाठी खुला असावा आणि सामान्य माणसाला परवडेल अशा दरात तेथे खाण्यापिण्याची सोय असावी, अशी त्यांची अट होती. श्रीमंतांच्या बागेतून दिसणारे नदीचे दृश्य गरिबानेही चहाचा घोट घेत पाहावे, एवढाच त्यामागील साधा विचार. तारास्पचा किल्ला त्यांनी सॅक्सनीच्या राजाला देऊ केला होता; राजाने तो स्वीकारला नाही आणि तो हेसे येथील ड्यूककडे गेला. त्याच वाड्याखालच्या उतारावर लिंगनर यांची समाधी आहे.

संग्रहालयाची वाट अजून खडतर होती. युद्धानंतर १९२३ साली जर्मनीत अभूतपूर्व चलनवाढ झाली आणि संग्रहालयासाठी जमवलेल्या पुंजीचे मोल कागदाच्या कपट्याइतके उरले. तरीही लिंगनर यांच्या सहकाऱ्यांनी काम सोडले नाही. फिरत्या प्रदर्शनांद्वारे त्यांनी संस्थेचे नाव जिवंत ठेवले. वास्तुविशारद विल्हेल्म क्राइस यांच्या आराखड्यानुसार अखेर इमारत उभी राहिली आणि १९३० साली तिचे उद्घाटन झाले. त्या प्रसंगी सर्वांचे लक्ष वेधून घेतले ते काचेच्या माणसाने. फ्रान्झ चाकर्ट यांनी पारदर्शक प्लास्टिकपासून तयार केलेली ही पूर्णाकृती प्रतिमा दोन्ही हात वर करून, प्रार्थना करीत असल्यासारखी उभी होती. आतील हाडे, रक्तवाहिन्या, मज्जातंतू स्पष्ट दिसत आणि एकामागून एक अवयव दिव्याने उजळत असे.

अंधाराची वर्षे

येथपर्यंतची कथा प्रेरणादायी आहे. पुढची कथा मात्र जड अंतःकरणाने सांगावी लागते. आणि ती वगळली तर हे चरित्र अप्रामाणिक ठरेल.

१९३३ साली हिटलरची राजवट आली. नव्या सत्ताधीशांनी या संग्रहालयाचे सामर्थ्य ताबडतोब ओळखले. लक्षावधी लोक ज्या संस्थेवर विश्वास ठेवतात, जिची चित्रे आणि प्रतिकृती साध्या माणसालाही पटतात, ती संस्था प्रचारासाठी किती उपयोगाची आहे, हे त्यांना कळले. नको असलेल्या तज्ज्ञांना दूर करण्यात आले. आरोग्याच्या नावाखाली वंशशुद्धीची प्रदर्शने तयार होऊ लागली. अपंग, मनोरुग्ण आणि मतिमंद माणसे म्हणजे राष्ट्रावरील ओझे, असे आकडे आणि रंगीत तक्ते मांडून लोकांच्या मनावर बिंबवले जाऊ लागले. जुलै १९३३ मध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला आणि त्याखाली सुमारे चार लाख माणसांची नसबंदी करण्यात आली. पुढचे पाऊल त्याहून भयंकर होते. ड्रेस्डेनपासून जवळच असलेल्या पिर्ना येथील झोननश्टाइन या संस्थेत १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत तेरा हजारांहून अधिक रुग्ण व अपंग माणसांना विषारी वायूने ठार मारण्यात आले.

याचा दोष १९१६ साली मरण पावलेल्या लिंगनर यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु इतिहास आणखी एक गोष्ट सांगतो. १९११ च्या त्यांच्याच प्रदर्शनात वंशशुद्धी या विषयाचा एक विभाग होता. त्या काळी अनेक सुशिक्षितांना, डॉक्टरांना, समाजसुधारकांना हा विचार आधुनिक वाटत असे. माणसाचे आरोग्य सुधारावे, या विचारापासून केवळ निरोगी माणसेच असावीत, या विचारापर्यंतचे अंतर त्यांना जाणवले नाही. ते अंतर म्हणजेच मानवतेची सीमारेषा होती. बीज पेरले गेले तेव्हा ते निरुपद्रवी दिसत होते. त्याला विषारी फळ आले ते बावीस वर्षांनंतर.

या बाबतीत ख्रिस्तसभेची भूमिका वाचकांना ठाऊक असणे उचित आहे. ३१ डिसेंबर १९३० रोजी, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्यापूर्वी दोन वर्षे, पोप अकरावे पायस यांनी ख्रिस्ती विवाहाविषयीच्या आपल्या परिपत्रकात वंशसुधारणेसाठी केल्या जाणाऱ्या सक्तीच्या नसबंदीचा स्पष्ट निषेध केला होता. कोणताही अपराध न केलेल्या माणसाच्या शरीरावर राज्यसत्तेचा असा अधिकार नाही, ही त्यांची शिकवण होती. १९४१ च्या उन्हाळ्यात म्युन्स्टरचे बिशप क्लेमेन्स ऑगस्ट फॉन गालेन यांनी प्रवचनपीठावरून रुग्णांच्या हत्येविरुद्ध उघड आवाज उठवला. त्यांच्या प्रवचनाच्या प्रती लपूनछपून देशभर फिरल्या आणि त्याच ऑगस्ट महिन्यात विषारी वायूने रुग्णांना मारण्याची ती मोहीम थांबवण्यात आली. दुर्दैवाने इतर मार्गांनी हत्या चालूच राहिल्या. २००५ साली ख्रिस्तसभेने बिशप गालेन यांना धन्यवादित घोषित केले. मात्र सर्वच ख्रिस्ती लोकांनी असे धैर्य दाखवले नाही, हेही आपण नम्रपणे मान्य केले पाहिजे.

पुनरुत्थान आणि मुलांचे दालन

फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेनवर प्रचंड बाँबवर्षाव झाला. संग्रहालयाची इमारत मोठ्या प्रमाणात उद्ध्वस्त झाली. युद्धानंतर शहर पूर्व जर्मनीत गेले. तेथील साम्यवादी राजवटीत संग्रहालय आरोग्यशिक्षणाची केंद्रीय संस्था म्हणून काम करू लागले. काचेच्या मानवी प्रतिमा तेथे पुन्हा तयार होऊ लागल्या आणि परदेशांतही गेल्या. १९९० साली जर्मनीचे एकीकरण झाल्यावर संस्थेने स्वतःचा नव्याने विचार केला. केवळ रोग टाळण्याचे धडे न देता माणूस या विषयाचा सर्वांगीण विचार करणारे संग्रहालय, असे तिचे स्वरूप झाले.

या नव्या पर्वात संस्थेने आपला भूतकाळ दडवून ठेवला नाही, ही विशेष उल्लेखनीय गोष्ट होय. अमेरिकेतील होलोकॉस्ट स्मारक संग्रहालयाने वैद्यकशास्त्राच्या नावाखाली झालेल्या नाझी अत्याचारांवर एक प्रदर्शन तयार केले होते. २००६ साली ते ड्रेस्डेन येथे, याच इमारतीत मांडण्यात आले. ज्या भिंतींवर कधीकाळी अपंगांना ओझे ठरवणारे तक्ते लागले होते, त्याच भिंतींच्या आत त्या पापाचा पाढा वाचला गेला. एखाद्या संस्थेने जाहीरपणे केलेले हे आत्मपरीक्षणच म्हटले पाहिजे.

त्याच सुमारास, इमारतीच्या नूतनीकरणानंतर, २००५ साली मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय सुरू झाले. पंचेंद्रिये हा त्याचा विषय. आरसे, आवाज, वास, निरनिराळ्या पृष्ठभागांचे स्पर्श यांच्या साहाय्याने मुले आपल्या शरीराशी ओळख करून घेतात. येथे हात लावू नका अशी ताकीद नसते. उलट हात लावल्याशिवाय काही कळतच नाही. आंधळी व्यक्ती बोटांनी कशी वाचते, बहिऱ्या व्यक्तीला हातांच्या खुणांनी कसे बोलता येते, अशा गोष्टींकडे मुले दया म्हणून पाहत नाहीत, तर माणसाच्या विविध क्षमता म्हणून पाहायला शिकतात. १९११ साली प्रतिकृतीची कळ स्वतः फिरवून पाहणाऱ्या शाळकरी मुलाचा तो आनंद शंभर वर्षांनंतरच्या मुलांपर्यंत असा पोहोचला आहे.

आपल्यासाठी बोध

प्रिय वाचकहो, लिंगनर हे संत नव्हते आणि त्यांना संत ठरवण्याचा येथे हेतू नाही. ते चतुर व्यापारी होते, त्यांना वैभवाची आवड होती आणि आपल्या काळाच्या काही भ्रमांपासून तेही मुक्त नव्हते. परंतु आपल्याला मिळालेली बुद्धी, जाहिरातीची कला आणि पैसा ही तीनही देणी त्यांनी लोकांच्या कामी लावली. ज्ञान हे पदवीधरांचे राखीव कुरण आहे, असे त्यांनी मानले नाही. साध्या माणसाला समजेल अशा रीतीने सांगणे म्हणजे ज्ञानाची पातळी खाली आणणे नव्हे, तर माणसाचा मान राखणे होय, हे त्यांना उमगले होते. मुलांना आरोग्य शिकवू पाहणाऱ्या प्रत्येक आईवडिलांनी आणि शिक्षकांनी हे मनावर घेण्यासारखे आहे. दहा वेळा हात धुवायला सांगण्यापेक्षा एकदा सूक्ष्मदर्शकातून पाण्याचा थेंब दाखवणे अधिक परिणामकारक ठरते.

त्यांच्या संस्थेच्या इतिहासातून मिळणारा दुसरा धडा अधिक गंभीर आहे. विज्ञान आपल्याला शरीर कसे चालते ते सांगते. त्या शरीरात राहणाऱ्या माणसाचे मोल किती, हे त्याच्या निरोगीपणावरून ठरवता येत नाही. आजारी बालक, अंथरुणाला खिळलेले आजोबा, बोलू न शकणारी मुलगी यांची प्रतिष्ठा धडधाकट माणसाएवढीच आहे. ही गोष्ट विसरून शिकवलेले आरोग्यशास्त्र माणसाचे रक्षण करीत नाही, तर त्याची निवड करू लागते. ड्रेस्डेनच्या त्या इमारतीने हे दोन्ही पाहिले आहे. १८९८ साली लिंगनर यांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या रुग्णालयात, जी अर्भके इतरत्र कोणी दाखल करून घेत नव्हते, त्यांच्यासाठी पाळणे मांडले गेले होते. दुबळ्यातल्या दुबळ्यासाठी जागा करणे, हे त्यांच्या कार्याचे मूळ होते आणि आरोग्याच्या प्रत्येक प्रयत्नाची खरी कसोटीही तीच आहे.